धान्य की पैसे? कंट्रोलच्या पिशवीचा हिशोब

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत अध्यक्षताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. समूहाच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी हे मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)



मंचावरच्या ताई, ग्रामसंघांच्या पदाधिकारी, आपल्या सीआरपी ताई, आणि सकाळची कामं आवरून, लेकराबाळांसह इथवर आलेल्या माझ्या मावश्यांनो, बहिणींनो, सुनांनो,

दरवर्षी या सभेत बचत किती, कर्ज किती, परतफेड किती टक्के हे वाचून दाखवायचा रिवाज आहे. ते सगळे आकडे अहवालात छापलेले आहेत, घरी निवांत वाचा. आज मला वेगळ्याच हिशोबावर बोलायचंय.

आपल्या कर्जवहीत 'कर्जाचं कारण' असा एक रकाना असतो. त्यात आपण लिहितो शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना. पण तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, आषाढ-श्रावणात दोन-तीन हजारांचं जे कर्ज उचललं जातं आणि 'शेतीखर्च' म्हणून लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं किराणा दुकानात जातं. ज्वारी, डाळ, तेल. घरातली कणगी रिकामी झालेली असते, नवं पीक अजून शेतात उभं असतं. खाण्यासाठी कर्ज काढलं असं लिहायला आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण दुसरं काही लिहितो.

बायांनो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. किराणाचा भाव आपण ठरवत नाही. पण तो कशाने वर जातो, कशाने खाली येतो, आणि सरकारने घेतलेला एखादा निर्णय आपल्या परातीपर्यंत कसा पोचतो, एवढं तरी आपल्याला कळायला पाहिजे. नाहीतर आपण नशिबाला दोष देत बसतो.

भाव वाढावा की पडावा?

आधी एक प्रश्न विचारते. हात वर करा. ज्यांना वाटतं की ज्वारीचा, तुरीचा भाव वाढला पाहिजे, त्यांनी हात वर करा. बरेच हात आहेत. आता ज्यांना वाटतं की ज्वारी आणि तूरडाळ स्वस्त मिळाली पाहिजे, त्यांनी हात वर करा. बघा, त्याच बायांनी परत हात वर केले!

हसू नका, दोन्ही वेळा तुमचं बरोबरच आहे. आपल्यातल्या बहुतेकींची घरं दोन-तीन एकर कोरडवाहूची. दिवाळीला सोयाबीन विकतो, संक्रांतीनंतर तूर विकतो, तेव्हा आपण शेतकरी असतो. उसनवारी फेडली, दुकानदाराची बाकी दिली, की माल संपला. मग मे-जूनपासून आपण गिऱ्हाईक होतो. ज्या मोंढ्यात आपण स्वस्तात विकलं, तिथूनच तो माल महाग होऊन परत आपल्या घरी येतो. आणि ज्या बहिणींना एक गुंठाही जमीन नाही, त्या तर बाराही महिने गिऱ्हाईकच. त्यांना मजुरी मिळते ती शेतकऱ्याकडून. शेतकऱ्याला भाव नाही मिळाला तर मजुरीही वाढत नाही.

म्हणून 'भाव वाढावा' म्हटलं तरी आपलं नुकसान, 'भाव पडावा' म्हटलं तरी आपलं नुकसान. यातून वाट काढायला आपल्या देशात एक व्यवस्था केलेली आहे. तिला दोन टोकं आहेत. एका टोकाला हमीभाव आणि दुसऱ्या टोकाला कंट्रोलचं दुकान.

1965 साली दिल्लीत कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ या दोन संस्था सुरू झाल्या. आयोगाने हमीभावाची शिफारस करायची, महामंडळाने त्या भावाने गहू-तांदूळ विकत घेऊन गोदामात ठेवायचा, आणि तो धान्यसाठा रेशनवर कमी भावात द्यायचा. म्हणजे पिकवणाऱ्याला बरा भाव आणि खाणाऱ्याला स्वस्त धान्य, मधला फरक सरकारने सोसायचा. विचार चांगला होता आणि आहे. पण तो मुख्यतः गहू-तांदळाला लागू झाला. पंजाब, हरियाणातला गहू मोठ्या प्रमाणावर खरेदी होतो. आपली ज्वारी, तूर, सोयाबीन यांना हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी तेवढी होत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीला क्विंटलला 8,000 रुपये, सोयाबीनला 5,328 आणि हायब्रीड ज्वारीला 3,699 असा हमीभाव जाहीर झाला. आता आपापल्या घरी विचारा, यातला किती माल हमीभावाने गेला आणि किती मोंढ्यात जो भाव निघेल त्या भावाने गेला. आपलं दोरीचं एक टोक आधीच ढिलं आहे. म्हणून दुसरं टोक, म्हणजे रेशन, हातातून सुटू द्यायचं नाही.

दुकान भरलेलं, पिशवी रिकामी

इथे बसलेल्या काही आज्यांना 1972 चा दुष्काळ आठवत असेल. तेव्हा धान्यच नव्हतं. परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला, खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. आज तसं नाही. आज कुठल्याही दुकानात जा, ज्वारी, गहू, तांदूळ, सगळं थप्पीला लावलेलं आहे. आता अडचण धान्याची नाही, ते घ्यायला पदराला गाठ मारलेल्या पैशाची आहे. दुकान भरलेलं असून घर उपाशी राहू शकतं.

म्हणूनच 2013 साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. आपल्या राज्यात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू आहे. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो. आधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. जानेवारी 2023 पासून तो फुकट झाला आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढे पाच वर्षं फुकटच राहील असं जाहीर झालेलं आहे.

आता हिशोब करू. पाच माणसांचं कष्टकरी घर धरा. महिन्याला 50 किलोचा एक कट्टा धान्य लागतं. रेशनवर 25 किलो मिळालं, राहिलेलं 25 किलो विकत घ्यायचं. समजा ज्वारी 30 रुपयांची 40 रुपये झाली. रेशन मिळणाऱ्या घराला महिन्याला 250 रुपये जास्त लागतील. ज्या घराला रेशन नाही, त्याला पूर्ण 50 किलो विकत घ्यायचंय, त्याला 500 रुपये जास्त लागतील. भाववाढ एकच, पण एका घराला ती अर्धी लागली. रेशनचं धान्य फुकट मिळतं एवढाच त्याचा फायदा नाही. बाजारात भाव कितीही चढला तरी ते पाच किलो पाच किलोच राहतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढच्या हिशोबाला लागणार आहे.

केशरी कार्डाचं काय झालं?

आपल्यातल्या बऱ्याच जणींकडे केशरी कार्ड आहे आणि नावावर थोडी जमीन आहे. मराठवाड्याचे 8 जिल्हे, अमरावती विभागाचे 5 आणि वर्धा, अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना 2015 पासून माणशी 5 किलो धान्य मिळत होतं. गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव नसलं तरी मिळत होतं.

2022 च्या मार्चमध्ये उत्तरेकडे कडक ऊन पडलं आणि गव्हाचा दाणा बारीक राहिला. त्याच वेळी युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि जगात गहू महागला. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याला हमीभावापेक्षा जास्त भाव दिला. शेतकऱ्याचं भलं झालं, पण सरकारी गोदामात गहू आला नाही. आदल्या वर्षी 433 लाख टन गहू खरेदी झाला होता, त्या वर्षी फक्त 188 लाख टन. 13 मे 2022 ला गव्हाची निर्यात बंद केली, तोवर बराच गहू हातचा गेला होता. रेशनवर गहू कमी आणि तांदूळ जास्त मिळू लागला, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच वर्षी आपल्या 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या योजनेला केंद्राकडून धान्य मिळणं बंद झालं.

मग राज्य सरकारने ठरवलं की धान्याऐवजी पैसे द्यायचे. जानेवारी 2023 पासून माणशी महिन्याला 150 रुपये. पुढे 2024 मध्ये ते 170 रुपये केले.

बायांनो, हा 150 चा आकडा नीट बघा. पाच किलोने भागा. किलोला 30 रुपये आले. म्हणजे बाजारात धान्य 30 रुपयांनी मिळत असेल तरच आधीएवढं पाच किलो येईल. पाच माणसांच्या घराला 750 रुपये मिळाले. 30 रुपये भावाने 25 किलो आलं. भाव 40 झाला तर त्याच 750 रुपयांत पावणेएकोणीस किलो येतं. 170 केल्यावर घराला 850 मिळाले, तरी 40 च्या भावाने सव्वाएकवीस किलोच. भाववाढ आधी सरकारच्या अंगावर होती, आता ती आपल्या पदरात आली. कुणी ओरडलं नाही, कारण बँकेत पैसे आले की काहीतरी मिळालं असंच वाटतं.

पैशाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. एक ताई मला म्हणाल्या, "कंट्रोलच्या तांदळापेक्षा मला ज्वारी घेता येते, ते बरं." खरं आहे. आपल्या घरात भाकरी लागते, भात लागत नाही. मापात मारलं, आज मशीन बंद, उद्या या, हा त्रासही वाचतो. पण दुसऱ्या एका ताईंचं ऐका. त्यांच्या खात्यात चार महिने पैसेच आले नाहीत, मग एकदम आले, आणि ज्या दिवशी आले त्या दिवशी घरातल्या माणसाने काढून खताच्या उधारीला दिले. धान्य घरात आलं असतं तर शिजलंच असतं. पिशवीतलं धान्य बाई शिजवते. खात्यातला पैसा कुठे जाईल ते घरात कुणाचं चालतं यावर ठरतं.

म्हणून मी असं म्हणत नाही की पैसा वाईट. मी म्हणते, पैसा द्यायचा तर तो भावाबरोबर वाढला पाहिजे, वेळेवर आला पाहिजे, आणि ज्या घराला धान्यच हवंय त्याला धान्य मागायचा हक्क पाहिजे.

ताटातली डाळ आणि तेल

पाच किलोत गहू-तांदूळ येतो. डाळ नाही, तेल नाही. सणाला 'आनंदाचा शिधा' म्हणून 100 रुपयांत चार जिन्नस मिळाले, पण सण वर्षातून दोन-चार. बाकीच्या दिवसांची डाळ आणि तेल आपण बाजारभावानेच घेतो. आणि इथेच सरकारचे निर्णय जास्त बोचतात.

तुरीचं आठवा. 2014 आणि 2015, लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. तूर पिकली नाही, तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, भावाच्या आशेने सगळ्यांनी तूर पेरली आणि तूर मायंदाळ पिकली. तेव्हा हमीभाव बोनससह 5,050 होता. मोंढ्यात भाव त्याच्या खाली घसरला. बाहेरून डाळ येतच होती, आपल्या डाळीला बाहेर जायला बंदी होती. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला, माणसं आठ-आठ दिवस रांगेत झोपली. डाळींची निर्यात खुली झाली ती 2017 च्या शेवटी, तोवर गरजवंताची तूर विकून झाली होती. एका वर्षी आपण डाळ खाऊ शकलो नाही, दुसऱ्या वर्षी आपण ती विकू शकलो नाही.

तेलाचं त्याहून विचित्र. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. 2024 च्या सप्टेंबरमध्ये सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा म्हणून बाहेरच्या तेलावरचा कर वाढवला. कच्च्या तेलावर एकूण साडेपाच टक्के होता तो साडेसत्तावीस टक्के झाला. हेतू चांगला. तेल लगेच महागलं, दिवाळीचा फराळ आपण महाग तेलात तळला. पण सोयाबीनला भाव आला का? हमीभाव 4,892 होता आणि मोंढ्यात बऱ्याच ठिकाणी साडेचार हजारांच्या आतच सौदे झाले. का? कारण सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम 18 टक्के, बाकी सगळी पेंड. जगात पेंडीचा भाव पडलेला होता, तो तेलाच्या कराने सुधारला नाही. मे 2025 मध्ये कच्च्या तेलावरचा मूळ कर 20 वरून 10 टक्क्यांवर आणला. या सगळ्यात सोयाबीन विकणारी बाई आणि तेलाचं पाकीट घेणारी बाई एकच होती. दोन्हीकडून तिचाच खिसा कापला गेला.

महागाईत कोण कमी जेवतं?

2023-24 च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातल्या खेड्यांत घरखर्चाच्या 100 रुपयांतले साधारण 47 रुपये खाण्यावर जातात. ही झाली सरासरी. मजुरीवर चालणाऱ्या घरात त्याहून जास्तच जातात. तिथे भाव वाढला की बाकी काही कमी करता येत नाही. मग काय होतं? आधी दूध बंद होतं. मग वरण पातळ होतं, एका वाटीच्या डाळीत दोन तांबे पाणी. मग कालवणाऐवजी मिरची आणि मीठ. आणि शेवटी बाईचं जेवण. "मला भूक नाही," असं आपण किती वेळा म्हटलंय ते प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावं.

2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 बायांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या 100 लेकरांमधली 35 उंचीने खुरटलेली आढळली. याला कारणं अनेक आहेत, नुसती महागाई नाही. पण पातळ वरण हे त्यातलं एक कारण आहे आणि ते आपल्या घरात शिजतं.

आता आपण काय करायचं?

भाषण ऐकून घरी जायचं आणि विसरायचं, असं नको. चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, श्रावणातलं कर्ज फाल्गुनात घ्या. ज्यांना खाण्यासाठी कर्ज लागणारच आहे, त्यांनी ते ज्वारी निघते तेव्हा घ्यावं. समजा फाल्गुनात ज्वारी 32 रुपये आणि श्रावणात 40 रुपये. 100 किलोला फाल्गुनात 3,200 लागतील, श्रावणात 4,000. समूहाचं व्याज शेकडा एक रुपया धरलं तरी पाच महिन्यांचं 160 रुपये. तरी 640 रुपये वाचले. एखाद्या वर्षी भाव नाही वाढला, तर व्याजापुरता तोटा होईल, पण घरात धान्य असेल. दहा जणींनी मिळून गाडी करून आणली तर हमालीही वाटून जाते. धान्य कडक वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या कोठीत ठेवा. आणि कर्जवहीत कारण लिहा: 'घरखर्चासाठी धान्य'. लाजू नका. खरं लिहिलं तरच पुढच्या वर्षी आपल्याला सांगता येईल की आपल्या प्रभागात खाण्यासाठी किती कर्ज निघतं.

दुसरी गोष्ट, सगळी तूर विकू नका. 50 किलोचा एक कट्टा घरात ठेवा. भरडून साधारण 33 किलो डाळ निघेल, म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला पावणेतीन किलो, वर्षभर. हमीभाव धरला तरी तो कट्टा 4,000 रुपयांचा, डाळ पडली किलोला 120 रुपयांच्या आसपास, वर भरडाई. दुकानातल्या भावाशी ताडून बघा. मोंढ्यात भाव त्याहून कमी मिळत असेल तर ठेवलेली डाळ आणखी स्वस्त पडते. घरधन्याला हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगितलं तर वाद होतो.

तिसरी गोष्ट, आपल्या कार्डावर नजर ठेवा. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या 18 वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव असतं. तुमच्या कार्डावर आहे का बघा. नवी सून, नवं लेकरू यांची नावं चढली का, सगळ्यांचं ई-केवायसी झालं का बघा. अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या आणि पावतीवर आहे तेवढंच धान्य पिशवीत आहे का बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनो, तुमच्या कार्डावरचं धान्य तुम्ही जिथे कोप टाकाल तिथल्या दुकानातही घेता येतं. काही धान्य तिकडे उचलायचं आणि राहिलेलं इकडे म्हाताऱ्या सासूने घ्यायचं, असंही चालतं. अडवणूक झाली तर 1967 किंवा 1800-22-4950 वर फोन करा. एकटीला भीती वाटली तर बैठकीत सगळ्यांसमोर, फोनचा आवाज मोठा करून लावा.

चौथी गोष्ट, ग्रामसभेत ठराव. आपल्या राज्यात अन्नसुरक्षा कायद्याचा लाभ जास्तीत जास्त 7 कोटी 16 हजार माणसांना, असा आकडा ठरवून दिलेला आहे. कायदा लागू झाला तेव्हा खेड्यातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाची उत्पन्न मर्यादा 44,000 रुपये ठरली होती. बाराने भागा, महिन्याला 3,700 सुद्धा येत नाहीत. नवरा-बायको दोघं वर्षातले शंभर-सव्वाशे दिवस मजुरीला गेले तरी ते घर या मर्यादेच्या वर जातं. ते घर श्रीमंत झालं का? तर आपल्या प्रत्येक ग्रामसंघाने येत्या ग्रामसभेत तीन मागण्या मांडायच्या. एक, धान्याऐवजी मिळणारी रक्कम दरवर्षी बाजारभाव बघून वाढवावी, ती दर महिन्याला द्यावी आणि ज्यांना धान्य हवं त्यांना धान्य द्यावं. दोन, रेशनवर डाळ आणि तेल बाराही महिने मिळावं, आणि त्यासाठी आपल्याच भागातली तूर हमीभावाने खरेदी करावी. तीन, उत्पन्न मर्यादा आजच्या मजुरीप्रमाणे ठरवावी. ठरावाची प्रत ग्रामसेवकाकडून सहीशिक्क्याने घ्यायची आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत देऊन पोच घ्यायची. पोच प्रभागसंघात आणून द्या, आपण सगळ्या गावांच्या एकत्र बांधू.

ही दुसरी मागणी नीट समजून घ्या. आपली तूर हमीभावाने सरकारने घ्यावी आणि तीच डाळ होऊन आपल्या कंट्रोलच्या दुकानात यावी. मग सुरुवातीला मी विचारलेल्या प्रश्नाला दोन वेळा हात वर करायला लागणार नाहीत. विकताना भाव मिळेल आणि खाताना परवडेल. सरकारला यात पैसा घालावा लागेल, हे खरं आहे. पण तो पैसा आज आपण आपल्या जेवणातून घालतोय.

शेवटचं सांगते आणि थांबते. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक समूहाच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की पाच मिनिटं एवढंच विचारायचं: या महिन्यात ज्वारी, तूरडाळ आणि तेल कुणी काय भावाने घेतलं, आणि रेशनचे पैसे किंवा धान्य आलं का. सचिवताईंनी ते वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहायचं. बारा महिने लिहिलं की पुढच्या वार्षिक सभेत आपल्या हातात आपला स्वतःचा हिशोब असेल. तहसीलदार साहेबांपुढे तो ठेवला, की 150 आणि 170 रुपयांत काय येतं आणि काय येत नाही, ते त्यांनाही वाचता येईल.

घरी गेल्यावर आज एक करा. सगळ्यांबरोबर बसून जेवा, आणि आपल्या ताटातही वरण घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!